कल्लप्पाचं सोमवारचं इंजिन

...आता तुमीच सांगा, माणूस ट्रॅक्टर घ्यायला जातोय तवा काय इचारतोय? रॉकेल किती पितंय, नांगर किती खोल जातोय, मोडलं तर दुरुस्त कोण करणार, हेच की न्हाय? शाण्या माणसानं आनखी काय इचारावं? पण आमचा कल्लप्पा... तुमाला सांगतो, त्या सालच्या गड्ड्यात, म्हंजे सोलापूरच्या संक्रांतीच्या जत्रंत, जनावरांच्या बाजाराच्या कडंला तीन कंपन्यांची तीन इंजिनं उभी होती, तीन सूटवाले घाम पुसत त्यांची तारीफ करत होते, आन् ह्यो बाबा परत्येकाचं सगळं शांतपणानं ऐकून घ्यायचा, डोस्क्यावरचा पटका सारखा करायचा आन् येकच इचारायचा, "त्ये सगळं खरं. पण सोमवारी चालतंय का?"

हसा, हसा. तितं बाजारात बी लोक हसत होते. आन् बरोबर कोण? मी. मला कशाला न्हेलं? तर आमच्या गावात, मैंदर्गीत, माझी पिठाची गिरणी हाय, गिरणीला इंजिन हाय, म्हंजे मला समद्या इंजिनातलं कळतंय. आता गिरणीचं इंजिन जागेवर बसून फटफट करतंय, त्याचा आन् रानात फिरणाऱ्या इंजिनाचा काय संबंध? पण कल्लप्पा ऐकंल तर शपथ. गुळाचा व्यापारी त्यो. गुळाच्या ढेपेला बोट लावून कुठल्या गावचा ऊस त्ये सांगतोय, पण येक गोष्ट डोस्क्यात शिरली की पार पडल्याशिवाय निघत न्हाय. पहाटं येऊन दारात उभा, "गिरणीवाले, चला." कुटं, कशाला, काय न्हाय. चला.

आता सोमवारची भानगड सांगतो, म्हंजे तुमी उगंच त्याला येडा म्हणायला नको. कल्लप्पा लिंगायत. त्यांच्यात सोमवारी बैल जुंपत न्हाईत. बैल म्हंजे बसवण्णा, आन् सोमवार त्याचा. बरं, ह्ये काय आजचं न्हाय, त्याच्या आज्याच्या आज्यापास्नं चाललंय, आन् कल्लप्पा बी मनापास्नं पाळतोय, त्याबद्दल त्याची काय तक्रार न्हवती. तक्रार होती त्या पट्टीची. त्याचं बाकीचं रान खालच्या अंगाला, काळंभोर, ओल धरून ऱ्हाणारं, त्याची काळजी न्हाय. पण वर उताराला दीड एकराची येक चिंचोळी पट्टी हाय. वडलांनी सोता धोंडं येचून केल्याली. घरात खायाचा शाळू, म्हंजे हिवाळी ज्वारी, त्या पट्टीचाच, दुसऱ्या शाळूची भाकरी त्या घरात कुणाच्या घशाखाली उतरत न्हाय. पण पट्टी लई लहरी. हस्ताचा पाऊस उघडला की तितं वापसा येतोय फकस्त येक दिस. म्हंजे आदल्या दिशी पाय टाकला तर चिखल, दुसऱ्या दिशी वारं लागून वरचा थर खडखडीत, मधला येक दिस काय पेराल त्ये उगवतंय. आन् त्यो येक दिस नेमका कवा यावा? सोमवारी. गेल्या साली सोमवारी, त्याच्या आदल्या साली बी सोमवारी. कुणी मुद्दाम केल्यागत.

आन् बांधाच्या पलीकडं कोण? रामहरी. त्यांच्यात सोमवार पाळत न्हाईत. ह्यो कल्लप्पा बांधावर हात बांधून उभा, आन् रामहरी आपली बैलं घालून पेरतोय आन् वर इचारतोय, "काय शेट, आज सुट्टी व्हय?" जळंल की न्हाय माणसाचं काळीज? बैलं उसनी मागावी तर दुसऱ्याचा बैल झाला म्हणून काय, बैल त्यो बैलच, त्याला बी सोमवारच. दोन वर्सं घरात इकतचा शाळू खाल्ला. म्हातारी, म्हंजे कल्लप्पाची आई चंद्रव्वा, भाकरी मोडायची, तोंडात घालायची आन् गपकन ताट सरकवून उठायची. त्ये कल्लप्पाला लई लागलं. त्यानं ठरिवलं, जनावर न्हाय असं काय तरी आणायचं आन् सोमवारी पट्टी पेरायची. बास.

तर गड्डा. पयल्या इंजिनापाशी गेलो. केवढं थोरलं! चाक माझ्या खांद्याएवढं. सूटवाला म्हणाला, "हे पाहा शेट, ह्याची ताकद पंचवीस घोड्यांची. शंभर एकर जमीन ह्याच्यापुढं काहीच नाही." कल्लप्पा म्हणाला, "माझं दीड एकर हाय." त्यो सूटवाला माझ्याकडं बघाय लागला. मी दुसरीकडं बघाय लागलो. मग कल्लप्पानं काखेतनं येक दोरी काढली. पट्टीच्या रुंदीची दोरी, घरनं मापून आणलेली. त्या भरल्या बाजारात त्यानं दोरी जमिनीवर टाकली आन् म्हणाला, "ह्याच्यात वळवून दाखवा." वळतंय कुटं? त्ये धूड दोरीच्या भायेर जाऊन शेजारच्या भेळवाल्याच्या अंगावर. कल्लप्पानं दोरी गुंडाळली. "ह्ये रामहरीच्या रानात जाऊन वळतंय. नको. पण सोमवारी चालतंय का?" नको म्हंतोय आन् इचारतोय बी.

दुसरं होतं पट्ट्याचं. चाकंच न्हाईत, खाली लोखंडी साखळी, सरपटत चालणारं. वळायला झकास, जागच्या जागी गर्रकन. मी म्हणलं, झालं, घेऊन टाक. सूटवाला बी खूश, "उतारावर ह्याच्यासारखं दुसरं नाही." कल्लप्पा खाली बसला, साखळीत बोट घातलं, काळ्या मातीचं येक ढेकूळ खिशातनं काढलं... व्हय, माती बी घरनं आणलेली... त्यात पाणी वतलं आन् साखळीत कोंबलं. सूटवाल्याचा जीव वरखाली. म्हणाला, "अहो, हे काय करताय?" कल्लप्पा म्हणाला, "आमची माती अशीच बसणार की हितं. मग ही रोज कुणी कोरायची, तुमी?" आन् उठून, धोतर झटकून, "सोमवारी चालतंय न्हवं पण?" त्यो बिचारा म्हणाला, "सोमवारी, मंगळवारी, रविवारी, केव्हाही चालेल, पण माती काढा."

तिसरं लहान होतं. तांबडं, मागची चाकं लोखंडाची, त्येला दात. दोरीत वळलं. माती चिकटली तर झाडता येत होती. कल्लप्पाचा डोळा त्याच्यावर बसला, ह्ये मी वळखलं, कारण त्यानं तोंड वाकडं केलं. गुळाच्या व्यापाऱ्याला माल आवडला की तोंड वाकडं. मग सुरू झालं. त्यानं चाकाचे दात मोजले. मागं जाऊन लांबनं बघितलं, म्होरनं येऊन बघितलं. अंगावरनं हात फिरवला. "नीट उभं ऱ्हातंय न्हवं? बसका न्हाय न्हवं?" सूटवाला म्हणाला, "शेट, हे जनावर नाही." कल्लप्पा म्हणाला, "मला म्हाईत हाय त्ये. जनावर नको म्हणूनच आलोय." पण हात काय थांबंना. आवो, बाप, आजा, पणजा गड्ड्यात बैल घेत आले, ह्याला दुसऱ्या रीतीनं काय घ्यायला येतंय व्हय?

आन् मग भाव. बैलाच्या बाजारात भाव तोंडानं बोलत न्हाईत, उपरण्याखाली हात घालून बोटं दाबायची. कल्लप्पानं उपरणं पसरलं. "घाला हात." सूटवाला म्हणाला, "अहो, किंमत छापलेली आहे, ती पाटी बघा." "छापू द्या. तुमी हात घाला." त्या साहेबानं सूटाची बाही सारून उपरण्याखाली हात घातला, आन् कल्लप्पानं असं काय बोट दाबलं की साहेब येकदम "स्स" म्हणाला. काय ठरलं देव जाणे. भवती बैलवाल्यांची ही गर्दी, गुलाल उधळला. बैल इकणारा आपलं दावं ठेवून घेतोय, घेणाऱ्यानं आपलं न्ह्यायाचं, तर कल्लप्पानं नवं कोरं दावं न्हेलं होतं त्ये इंजिनाच्या नाकाला बांधलं. मी म्हणलं, "आरं, दावं कशाला?" म्हणाला, "ऱ्हाऊ द्या, गिरणीवाले. रीत हाय."

रीत हाय. ध्यानात ठेवा म्हणत न्हाय मी, पण त्या दाव्यानंच घात केला.

इंजिन मैंदर्गीला आलं. गड्ड्यातली समदी गंमत मी आधीच गावात सांगून टाकली होती. चंद्रव्वा दारात भाकरतुकडा घेऊन उभी. म्हातारीनं चाकावर पाणी वतलं, भाकर ओवाळली, इंजिनाच्या कपाळाला... म्हंजे जितं कपाळ आसावं तितं... इबूत लावली, दावं बघितलं, नवं हाय ह्ये बघून खूश झाली आन् म्हणाली, "बा रे, बसवण्णा." कल्लप्पा हसला. म्हातारीचं मन, म्हणू द्या. उन्हाळाभर इंजिन मंगळवार ते रविवार रानात, सोमवारी छपरात. उन्हाळ्यात सोमवारची काय निकड? नांगरट आज न्हाय तर उद्या. सोमवारी म्हातारी त्याच्यापाशी उदबत्ती लावायची. कारहुणवी आली, आमच्याकडं त्यो बैलांचा सण, तर म्हातारीनं बैलांबरोबर इंजिनाला बी हिंगूळ फासला, धुराच्या नळीला बेगड चिटकिवली, गळ्यात घाटी बांधली आन् म्होरं पुरणाची पोळी ठेवली. गावातनं मिरवणूक काढली. चालवायला कोण? कल्लप्पाच. पटका बांधून, ऐटीत. मी त्याला येकदाच म्हणलं, "कल्लप्पा, ह्ये म्हातारीला आवर." म्हणाला, "तिला आनंद हुतोय, तुमच्या बापाचं काय जातंय?" बरं बाबा.

आन् हस्त आला. पडला, झोडपला, उघडला. कल्लप्पा रोज पट्टीवर जाऊन ढेकूळ हातात दाबून बघतोय. रविवारी चिकटतंय. सोमवारी सकाळी दाबलं, फुटलं. वापसा! माणूस पळत घरी आला, दानम्माला, म्हंजे बायकूला, म्हणाला पेरायचं बी काढ, छपरात गेला, हँडल मारलं, इंजिन फुरफुरलं... आन् म्होरं चंद्रव्वा. दोनी हात पसरून.

"ब्याड, नको. कुटं निघालास?"

"पट्टी पेराय, अव्वा."

"बसवण्णाला सोमवारी जुंपतूस?"

"आगं अव्वा, लोखंड हाय त्ये!"

म्हातारी शांतपणानं म्हणाली, "लोखंड आणायचं हुतं तर लोखंडाच्या दुकानात जायचं हुतं. गड्ड्यात कशाला गेलास? दात कशाला मोजलास? उपरण्याखाली भाव केलास, दावं घालून आणलास. समद्या गावातनं मिरवून बसवण्णा केलास आन् आज म्हंतूस लोखंड?"

तुमाला सांगतो, इंजिनाचा आवाज ऐकून मी तितं येऊन उभा होतो, मला वाटलं कल्लप्पा काय तरी बोलंल. येवढा व्यापारी, सोलापूरच्या दलालांना गप करणारा. पण ह्यो नुसता उभा. हँडल हातात, तोंड उघडं. वरल्या रानाकडनं रामहरीच्या बैलांच्या घुंगरांचा आवाज येतोय. कल्लप्पाच्या डोळ्यात पाणी आलं, खरंच आलं. म्हणाला, "अव्वा, तू इकतची भाकर खाईनास, म्हणून ह्ये केलं गं समदं. तुझ्यासाठी केलं. आज बी पट्टी गेली तर?"

म्हातारीला का पट्टी नको होती? तिच्या नवऱ्यानं धोंडं येचलेली पट्टी. तिनं इंजिनाकडं बघितलं, बैलांकडं बघितलं, मग कल्लप्पाकडं वरनं खालपतुर बघितलं. आन् अडगळीतनं पेरायची लहानी दुफण काढून आणली.

"माणसाला कुटं सोमवार सांगितलाय?" म्हणाली.

कल्लप्पा म्हणाला, "अव्वा, माझ्या कपाळाला बी इबूत हाय की."

"हाय. पण तू काय बसवण्णा हायस व्हय? चल."

मला हसू आवरंना. मोठ्यांदा हसलो. हसायला नको होतं. म्हातारी वळली, मला बघितलं, म्हणाली, "गिरणीवाले, येकट्यानं दुफण वढवत न्हाय. जोडी लागतीय."

मग काय इचारता? डावीकडं कल्लप्पा, उजवीकडं मी. माझी गिरणी सोमवारी सुरू आसती, आवो, गिऱ्हाईक पायल्या घेऊन दारात बसलं होतं. दानम्मा दुफणीच्या चाड्यात, म्हंजे वरल्या वाटीत, बी सोडतीय, मागं रुमणं, म्हंजे दुफणीची मूठ, धरून चंद्रव्वा, "सरळ चाला, आप्पा. वळा. आता हिकडं." त्या दोरीएवढ्या जागंत आमी दोघं काय सुरेख वळत होतो म्हणून सांगू. रामहरी बांधावर येऊन उभा राहिला. त्यानं पटका काढला आन् आमाला वारा घातला. वारा, बरं का, बैलाला घालत्यात तसा. दिवस मावळायच्या आत पट्टी पेरून झाली. कल्लप्पा तितंच ढेकळात बसला, हातावर थोडं बी उरलं होतं त्ये मुठीत घट्ट धरून. लई दिसांनी त्याचं तोंड खुललं होतं.

मंगळवारी वारं सुटलं, पट्टी वरनं वाळली, पण आतलं बी ओलीत होतं. उगवलं. मकरसंक्रांतीच्या टायमाला कणसं अशी भरली की बघत ऱ्हावं. पयल्या शाळूची भाकरी झाली तवा कल्लप्पानं मला जेवाय बोलावलं. म्हातारीनं तव्यावरची पयली गरम भाकरी काढली, वर गूळ ठेवला, लोणी ठेवलं. मी आन् कल्लप्पा दोघं बी सावरून बसलो. म्हातारी भाकरी घेऊन आमच्या म्होरनं सरळ छपरात गेली, इंजिनाच्या म्होरं ठेवली, हात जोडले आन् म्हणाली, "बसवण्णा, तुझा सोमवार पाळला म्हणून पट्टी पिकली बग."

कल्लप्पानं माझ्याकडं बघितलं. मी कल्लप्पाकडं बघितलं. आमी दोघं दुसऱ्या भाकरीची वाट बघत बसलो.