हाव

(नांदेडच्या कोर्टाबाहेरचा बाक. सकाळचे अकरा.)

समीक्षा: परत सांगा, बा. त्या दिवशी प्रीतम कुठं होता?

ग्यानोबा: घरात. तुज्या मायला पेज पाजून राहिला व्हता.

समीक्षा: तुमी बघितलं?

ग्यानोबा: ह्या डोळ्यानं. पोरगं चमच्यानं पाजत व्हतं अन् मधीच तोंड फिरवून डोळे पुसत व्हतं.

समीक्षा: मग मागच्या तारखेला काय झालं होतं तुमाला? तिकडं हदगावच्या स्टँडावर कुनाचं तरी डोकं फुटलं अन् नाव आलं आपल्या प्रीतमवर. आठ महिने झाले, पोरगं जेलात हाय; त्यात मायबी गेली. तुमी एकटे साक्षीदार. अन् त्या वकिलानं इचारलं, तुमी लेकराला घरात बघितलंच न्हाई, खरं का? तर तुमी म्हनलात हाव!

ग्यानोबा: त्यानं तसं न्हाई इचारलं.

समीक्षा: तसंच इचारलं. मी मागंच बसले होते. आख्ख्या भावकीत बोभाटा झाला, ग्यानोबा फुटला म्हनून. महिना झाला मी तुमच्याशी धड बोलले न्हाई.

ग्यानोबा: बोलली न्हाईस, ते कळलं मला.

समीक्षा: मग सांगा, कसं इचारलं त्यानं?

ग्यानोबा: लई लांबलं ते. दवाखाना म्हनला, पोलिस म्हनला, कायकाय म्हनला. मंग म्हनला, 'हे खरं आहे ना?' म्या हाव म्हनलं.

समीक्षा: दवाखान्याचं काय म्हनला?

ग्यानोबा: दवाखाना म्हनला.

समीक्षा: बोला की, बा!

ग्यानोबा: ठाव न्हाई.

समीक्षा: थांबा. आता मी इचारते. माय जिती हाय अन् प्रीतम सुटून स्टँडावर आपली वाट बघत असताना, तुमी आन् मी सकाळी हदगावहून बशीनं नांदेडला आलो, खरं का?

ग्यानोबा: हाव.

समीक्षा: काय म्हनले मी?

ग्यानोबा: बशीनं आलो म्हनलीस. आलोच की.

समीक्षा: त्याच्या आधी?

ग्यानोबा: आधी काई... तुज्या मायचं नाव घेतलंस का?

समीक्षा: अरे देवा. कधीपासून होतंय हे, बा?

ग्यानोबा: रडू नको. लोक बघतेत.

समीक्षा: बघू द्या! कधीपासून?

ग्यानोबा: परांचीवरून पडलो तवापसून. डोकं शिवलं, जखम भरली. पर बोलनं लांबलं की मागचं सांडतं.

समीक्षा: मला का न्हाई सांगितलं?

ग्यानोबा: काय सांगू? स्लॅब टाकताना घमेल्याची लाईन बघितलीस न्हवं? एक घमेलं हातातून पुढं जातं, मंग दुसरं येतं. माज्या हातात हाय तवर तिसरं आलं की पयलं पडनारच. तिथं गडी 'थांब' म्हनून वरडतो, आख्खी लाईन थांबती. कोन हसत न्हाई. हितं कसं वरडावं? साहेब बोलून राहिला, सगळे गप. मंग शेवटचं जे आलं त्येला हाव म्हनतो. हाव म्हनलं की मानूस खूश व्हतो, निघून जातो.

समीक्षा: आपले वकीलसाहेब आले. मी सांगते त्यांना. साहेब, बा फुटले न्हाईत. त्यांना लांब बोललेलं ध्यानात राहत न्हाई. डोक्याला मार हाय.

उमाशंकर: हळू बोला ताई, भिंतीला कान असतात. ग्यानोबा, हे बघा, तुमच्या डोक्याला मार लागलाय हे समोरच्या वकिलांना अजून माहीत नसल्यामुळं आणि कळलं तर ते तुमची सगळीच साक्ष निकामी आहे असं न्यायाधीशांना पटवून देणार असल्यामुळं, त्यांनी कितीही खोदून विचारलं तरी तो विषय तुम्ही आपणहून काढायचा नाही, आलं लक्षात?

ग्यानोबा: हा... साहेब, थांबा.

उमाशंकर: काय झालं?

ग्यानोबा: पयलं सांडलं. परत सांगा. थोडं थोडं.

उमाशंकर: बरं. डोक्याच्या माराचं बोलू नका.

ग्यानोबा: का?

उमाशंकर: ते म्हणतील, या माणसाचं डोकं शाबूत नाही. तुमची साक्ष जाईल.

ग्यानोबा: साक्ष ग्येली तर?

उमाशंकर: प्रीतम आत राहील.

ग्यानोबा: आन् न्हाई सांगितलं तर?

उमाशंकर: तर ते पुन्हा लांबलचक प्रश्न विचारतील.

ग्यानोबा: म्या परत हाव म्हनीन.

उमाशंकर: हं.

ग्यानोबा: मंग?

उमाशंकर: मग... तरी तो आतच राहील.

समीक्षा: म्हंजे दोन्हीकडून मेलोच की आपण! काहीतरी करा ना, साहेब. दुसरी तारीख घ्या.

उमाशंकर: मिळणार नाही, ताई. आज उलटतपास संपणार. नंतर मला फेरतपासात दोन-चार प्रश्न विचारता येतील, तेवढंच. आणि शपथेवर दिलेलं उत्तर सहज पुसलं जात नाही.

ग्यानोबा: म्या जजसाहेबाला सांगतो. डोक्याला मार हाय. तुकडे करून इचारा. एक तुकडा, एक उत्तर. घरात व्हता का, व्हता. कोन बघितलं, म्या बघितलं.

उमाशंकर: आणि त्यांनी तुम्हाला वेडा ठरवलं तर?

ग्यानोबा: ठरवू द्या. वेडा म्हनले तर म्हनले. बाप फुटला असं तर न्हाई म्हननार.

समीक्षा: बा, नका. हात जोडते. एकदा का कागदावर लिवलं की ह्याचं डोकं चालत न्हाई, मग कोन ऐकंल तुमचं? माज्या भावाला शिक्षा लागंल.

उमाशंकर: शिपायानं नाव पुकारलं. चला.

ग्यानोबा: येतो, साहेब. एकच मिनिट. समे, तुजी माय जायच्या राती माज्याशी लई बोलली.

समीक्षा: मला कधी सांगितलं न्हाई तुमी.

ग्यानोबा: बोलताना धाप लागत व्हती तिला, तरी बोलत ऱ्हायली. शेवटाला म्हनली, 'सोडू नका.' म्या हाव म्हनलं.

समीक्षा: कोनाला सोडू नका?

ग्यानोबा: ते सांडलं.

समीक्षा: परत इचारायचं होतं, बा.

ग्यानोबा: लाज वाटली. म्हनलं, सकाळी इचारू.