नवऱ्याचा जीव बांगडीत

माहं माहेर कळमेश्वरच्या पुढचं, लहानसं गाव, बाप मजुरीले जाये, मायही जाये, अन् घरी आलं की बाप खाटेवर बसे अन् माय चुलीपाशी. हे लिहून राहिली का तू पोरी? मंग नाव सुमन लिही. सुमनबाई रोटीवाली म्हटलं की आमच्या मोहल्ल्यात कोणीही घर दाखवते. तू कॉलेजात बायांवर काय काय होते ते शिकते म्हणे, मले हसू आलं, त्यासाठी कॉलेजात जा लागते हे मले माहीतच नव्हतं. राग नको धरू. चहा घे आंधी.

लग्न होऊन नागपुरात आली तं सासू लग्नाच्या ऑर्डरीवर लांब रोट्या करे. आटा इतका सैल भिजवा लागते की हातात धरला तं गळते, तो असा दोन्ही हातांवर खेळवत खेळवत मनगटापासून कोपरापर्यंत पसरवा लागते, अन् मंग खाली जाळ लावलेल्या उलट्या मडक्यावर टाका लागते. काय सांगू तुले, आरपार दिसन इतकी पातळ रोटी. त्याले हात उघडे पाहिजेत. अन् मी नवी नवरी, माह्या हातात भरभरून हिरवा चुडा.

सासूचे हात उघडे होते. माहा मालक, म्हणजे नवरा, आमच्यात नवऱ्याले मालकच म्हणतात, आता त्यावर तूच काय ते लिही, तो मांडीवर होता तेव्हा सासरा मेला. बायांनी तिच्या बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं, अन् पोट भराले ती रोट्या कराले लागली. मांडवाच्या मांगं, चुलीपाशी. विधवा म्हणून मांडवात पाय ठेवाले बंदी, पण तिच्या हातची रोटी नवरदेवाच्या ताटात चाले. रोटी काही विधवा नव्हती ना वं. पोटाचं काम आलं की लोकांची अक्कल चराले जाते.

तिनंच मले शिकवलं. पहिल्याच दिवशी मी बांगड्या काढून फळीवर ठेवल्या तं बुढी ओरडली, घाल, आंधी घाल, माहा पोरगा जित्ता आहे. मालक खाटेवर उठून बसला, म्हणे, मी मेलो का? मी पाह्यलं त्याच्याकडे, चांगला धडधाकट, मांडीवर तर्री-पोह्याची बशी. बांगड्या घातल्या मी.

तू मघाशी पितृसत्ता म्हणत होती. म्हणजे बापाचं राज्य म्हणे. आमच्या घरचा बाप तं कधीचाच मेला होता, राज्य सासू चालवे, अन् आराम खाटेवरचा माहा मालक करे. हे तुह्या पुस्तकात असन तं चांगलं आहे, नसन तं घाल.

मंग काय, बांगड्या जमन तितक्या कोपराकडे सरकवून फडक्यानं बांधायच्या अन् रोट्या करायच्या, फडकं सुटे, बांगडी घसरे, एखादी फुटे, हाताले लागे. हे पाह्य वण. मोबाईल आले तसा मालक धंद्यात आला. धंद्यात म्हणजे काय, फोन उचलाले. कार्ड छापलं, त्यावर त्याचं नाव अन् फोटो, पांढरा शर्ट घालून. आट्यात पाणी किती टाकायचं हे त्याले आजही माहीत नाही. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय.

अन् एका लग्नात नवरदेवाच्या काकाच्या तोंडातून रक्त आलं. रोटीत काच निघाली, हिरवी. सारा मांडव गोळा झाला, अन् माहा मालक हात जोडून सगळ्यायसमोर मलेच म्हणते, किती वेळा सांगितलं हिले. काय सांगितलं होतं त्यानं? लॉनवाला, ज्याच्या जागेवर लग्न होतं तो, म्हणे, पुन्हा काच निघाली तं इथं दिसू नका. घरी जाताना गाडीवर मालक हळूच म्हणे, आतापासून ऑर्डरीवर बांगड्या काढत जाय, घरी आली की घालत जाय. मले गाडीवरच हसू आलं. म्हटलं, म्हणजे तुमचा जीव घरीच राहते, ऑर्डरीवर नुसतं शरीर येते का? देवधर्म काय अन् रीत काय, धंदा बुडाले आला की सारं खुंटीले टांगते हा माणूस.

त्या दिवसापासून मी घातल्याच नाही, ऑर्डरीवरही नाही अन् घरीही नाही. बुढी माह्याशी बोलेना. हळदी-कुंकवात बाया मले सोडून पुढं जात. एकीनं कानात विचारलं, कधी गेले वं भाऊजी? समोरच्या पानठेल्यावर उभा राहून सुपारी-तंबाखूचा खर्रा खाऊन राहिला होता तिचा भाऊजी. मी बोट दाखवलं. ती लाजली नाही, उलट माह्या हाताकडे पाहून चक चक केलं तिनं.

मंग त्याले डेंगू झाला. मोहल्ल्याले तेच पाहिजे होतं. बुढी इतवारीच्या बाजारातून नव्या बांगड्या घेऊन आली, माह्यासमोर ठेवल्या अन् हात जोडले, घाल वं माय, माहा एकच पोरगा आहे. मलेही भेव वाटलं, खोटं कायले बोलू. नवरा कसाही असो, मेला पाहिजे असं नव्हतं मले. एक बांगडी उचलली मी, बोटांवर चढवलीही. अन् बुढीचे जोडलेले हात दिसले, मनगटं उघडी. आमच्यात सासूले मामीजी म्हणतात, सासऱ्याले मामाजी. म्हटलं, मामीजी, मामाजी गेले तेव्हा तुमच्या हातात बांगड्या होत्या ना? म्हणे, होत्या, भरून होत्या. म्हटलं, मंग ते काहून गेले?

बुढी तिथंच खाली बसली. मी बांगडी काढली अन् दवाखान्यात डबा घेऊन गेली. मालक सलाईननं बरा झाला, घरी येऊन आंधी खर्राच मागितला.

दिवाळी झाल्यावर एकदा मी ऑर्डरीवरून लवकर आली तं बुढीनं त्या इतवारीच्या बांगड्या स्वतः घातलेल्या. वाळलेल्या हातावरून खाली घसरत होत्या. मले पाहून पदराखाली हात लपवले तिनं, चोरी पकडल्यासारखे. तेवढ्यात हा आला मांगून, म्हणे, आई, काढ ते, विधवा बाईनं बांगड्या घालणं शोभते का, लोक काय म्हणतीन? मी म्हटलं, तुमचा बाप तं कधीचाच मेला, आता हिच्या बांगड्यांनी कोणाचा जीव जाते ते सांगा. तो तसाच पानठेल्यावर निघून गेला.

आता बुढी ऑर्डरीवर माह्या बाजूले स्टुलावर बसते, हातातल्या बांगड्या वाजवत वाजवत म्हणते, जाड झाली वं सुमन, ही रोटी जाड झाली. माहे हात उघडे. कार्डावर अजून त्याचाच फोटो आहे, राहू दे. देव त्याले लंबी उमर देवो, बांगड्यांशिवाय देवो, मोहल्ल्यानं रोज पाह्यलं पाहिजे त्याले. उद्या मी इतवारीत चालली आहे, चाल तूही. बुढी म्हणे हिरव्यायचा कंटाळा आला, लाल आण.