चिमणावहिनींचे चांदीचे घोडे

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आदरणीय आक्काताई, व्यासपीठावरील मान्यवर पाहुणे, चांदी कारागीर मंडळाचे पदाधिकारी, सत्कारमूर्ती चिमणावहिनी, आणि हुपरी-नेसरीहून एवढ्या उन्हात आलेल्या बंधू-भगिनींनो,

वहिनी आज कारखान्याचा निरोप घेत आहेत. त्यांच्या कलेवर अधिकारानं बोलणारे इथं पुष्कळ आहेत. मी ज्ञानू शेळके, घोडदळातला निवृत्त सवार. मला दागिन्यातलं काय कळणार? तरी वहिनींनी हट्टानं माझं नाव पत्रिकेत घातलं.

त्यांचे हार दिल्लीच्या प्रदर्शनापर्यंत गेले. चांदीचे घोडे, टापांखाली वाळूच्या लाटा. पण एकाही घोड्यावर स्वार नाही. असं का, हे त्यांना कितीजणांनी विचारलं असेल!

एक्क्याण्णव साली वहिनींचे पती दादासो आणि मी राजस्थानात एकाच तुकडीत होतो. मे महिन्यात वाळवंटात सरावाला निघालो आणि भरदुपारी वादळ उठलं. स्वतःच्या घोड्याचे कान दिसेनात. तासाभरानं निवळलं, तेव्हा दादासो नव्हता. दोन दिवसांनी त्याची घोडी एकटीच छावणीत आली. खोगीर जागच्या जागी. दादासो मात्र सापडला नाही.

मी सुटीवर नेसरीला, दादासोच्या घरी आलो. वहिनींनी एवढंच विचारलं, "भावजी, तुमी शेजारीच हुता न्हवं? काय ऐकू आलं?"

"न्हाय वहिनी. वाऱ्याबिगर काय न्हाय."

वहिनींचे वडील हुपरीत टाक घडवायचे. घरातलं माणूस गेलं की चांदीच्या पत्र्यावर त्याची मूर्ती उठवून आपण देवघरात बसवतो, तो टाक. सासूबाई, म्हणजे बयाबाई, म्हणायच्या, "चिमणे, माझ्या लेकाचा टाक कर. त्यो भाईरच हाय अजून, त्याला देवघरात घे."

"गेल्यात असं कुणी सांगितलं?" वहिनी विचारायच्या. वडिलांची हत्यारं त्यांनी हातात घेतली, पण टाक केला नाही. घोडे केले.

पुढं मी नोकरीतून सुटलो आणि त्यांच्याच कारखान्यात पॉलिशला बसलो. वहिनींनी वाळवंट कधी पाहिलं नव्हतं. वारा सुटल्यावर वाळू कशी पडते, ते मला विचारायच्या. मी कागदावर काढून द्यायचो, त्या चांदीत कोरायच्या. अशी कितीतरी वर्षं. लोक त्या लाटांवरून बोट फिरवून वाहवा करायचे आणि माझ्या कानात ती दुपार सुरू व्हायची.

गेल्या महिन्यात बयाबाईंनी अंथरूण धरलं. वहिनी पत्रा घेऊन बसल्या, हातोडी उचलली आणि थांबल्या. "भावजी, हात चालंना. जित्तं असलं तर?"

तेव्हा माझ्या तोंडून निघालं. "वहिनी, मला ऐकू आलतं. त्यानं माझ्या नावानं हाक मारली. तीनदा. म्या घोडा वळवला न्हाय. भ्यालो."

मला वाटलं, वहिनी हातोडी फेकून मारतील. मारली असती तर बरं झालं असतं. त्यांनी विचारलं, "तिसरी हाक कशी हुती?"

"बारीक. तोंडात वाळू गेल्यागत."

त्यांनी डोळे मिटले. मग कामाला लागल्या. दिवस मावळायच्या आत टाक झाला. घोड्यावर बसलेला दादासो. बयाबाईंनी तो छातीशी धरला. चौथ्या दिवशी त्या गेल्या.

अध्यक्ष महोदया, सत्काराच्या दिवशी हे बोलू नये, हे मला कळतं. पण वहिनीच म्हणाल्या, "सगळ्यांम्होरं सांगा. ती हाक म्या एकटीनं किती दिस ऐकायची?" मला माफ केलं का, ते त्या बोलल्या नाहीत. मी विचारलं नाही.

मंडळानं दोन शब्द बोलू दिले, आपण शांतपणे ऐकून घेतलंत, सर्वांचा मी ऋणी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. त्या दुपारचं मात्र घालू नका.