खाली, तिरपं, पुढं, बुक्की

...आता मला सांगा, टीव्हीवरच्या मारामारीच्या गेममध्ये साधा एक आगीचा गोळा फेकायला माणसानं एवढं करायचं? खाली, तिरपं, पुढं, बुक्की! तेही पापणी लवायच्या आत! अंगठा केसभर वर गेला की आपला पैलवान गोळा फेकायचं सोडून जागच्या जागी उडी मारतो, आणि समोरचा घालतो खालून लाथ... मग आटगावचा किशोर रिमोट गादीवर आपटतो आणि ओरडतो, "हात चुकला!" तुम्हाला सांगतो, बारा वर्षं झाली, हा माणूस हेच ओरडतोय!

बरं, हात चुकणारा गडी आहे का हा? गोदामात फोर्कलिफ्ट चालवतो! टनाटनाचं खोकं तिसऱ्या फळीवर असं ठेवतो, जसं बाळाला पाळण्यात ठेवावं. आणि टीव्हीसमोर बसला की... खाली, तिरपं, पुढं, उडी!

समोर कोण? साडू! वैशाखरे गावचा हितेश. दर रविवारी मोटारसायकल काढून यायचा, रस्सा ओरपायचा आणि साडूला टीव्हीत बडवायचा. बारा वर्षांत किशोर एकदाही जिंकला नाही. एकदाही! आणि आता हितेशला वापीच्या कंपनीत काम लागलेलं, सोमवारी बिऱ्हाड हलणार. म्हणजे हा शेवटचा रविवार. किशोरला आठवडाभर जेवण गोड लागेना. डब्यासमोर बसून हवेत अंगठा फिरवायचा... खाली, तिरपं, पुढं, बुक्की... गोदामातली माणसं बघत राहायची.

शनिवारी बायकोला, संजीवनीला, राहवेना. रिमोट घेऊन तिनं सेटिंग चाळलं. "अहो, हिथं सोपं म्हणून हाय की! एक बटण दाबायचं, गोळा सुटतो."

किशोर उसळला. "ही चीटिंग हाय गो! कष्टानं येतो तो गोळा!"

"कष्टानं तरी कुठं येतो तुमचा?" ती म्हणाली. "मी मिक्सरात चटणी वाटते, तवा पाट्याची आठवण नाय काढत तुमी. बोटं चाटून खाता."

किशोरनं लावलं बाबा सोपं.

रविवारी हितेश आला. किशोरनं बटण दाबलं, सुटला गोळा! परत दाबलं, परत सुटला! किशोरला वाटलं, आयला, बारा वर्षं उगाच अंगठा झिजवला! आणि हितेश... हितेश प्रत्येक गोळ्यावरनं टुणकन उडी मारून थेट डोक्यावर! पहिला डाव गेला. दुसरा गेला. पाचवा, सहावा... नववा डाव तर लाइट जावी तसा गेला. किशोरनं तोंड उघडलं, "हात..." पण एका बटणात चुकायला हात होता कुठं?

"साडूभाऊ," हितेश हळूच म्हणाला, त्यालाही वाईट वाटत होतं हो, "राग नका मानू. हात चुकतो म्हणून तुमी हरत नव्हता. गोळा मारायच्या आधी तुमी गाल फुगवता, मला आधीच कळतं. पयल्या रविवारपासून बघतोय मी. बोललो नाय, म्हटलं मजा जाईल."

गाल! बारा वर्षं गाल!

किशोर म्हणाला, "चहा घे." चहा झाला, हितेशनं दोघांना नमस्कार केला, गाडीला किक मारली आणि गेला. किशोर फाटकात उभा राहिला, गाडीचा आवाज बंद होईस्तोवर. मग आत आला, खाली बसला, रिमोट उचलला आणि गेम परत अवघडवर टाकला.

संजीवनी म्हणाली, "आता कशाला? आता तर खेळायला बी कोण नाय."

"असू दे गो," किशोर म्हणाला. "अवघडात हरलं की गेम बनवणाऱ्याला शिव्या घालता येतात. सोप्यात हरलं की... मीच हरतो."