ब्लांशचं बारसं

नाव अर्थ बघूनच ठेवावं, असं माझं ठाम मत होतं. होतं म्हणते, कारण मग कार्डिफला भाचीचं बारसं झालं.

वहिनीने नाव ठरवलं होतं ब्लांश, आणि आत्या म्हणून ते बाळाच्या कानात सांगायचं होतं मला. ट्रेनमध्ये फोनवर अर्थ शोधला. जुनं फ्रेंच नाव, अर्थ ‘गोरी’. झालं! मी दारातूनच जाहीर केलं, “हे नाव मी सांगणार नाही.”

“अगं, पाहुणे आलेत,” दादा कुजबुजला.

“येऊ देत. आजच्या काळात मुलीला गोरी म्हणून हाक मारायची? शोभतं का आपल्याला?”

वहिनी शांतपणे म्हणाली, “ब्लांश माझी मिडवाइफ होती. कळा सुरू झाल्यापासून तिने माझा हात सोडला नाही. आणि ती तुझ्या-माझ्यापेक्षा काळी होती.”

मी जरा नरमले, पण इतक्या लोकांसमोर माघार कशी घेणार? “तरी अर्थ तोच राहतो ना! उद्या ही मोठी होऊन विचारेल, असलं नाव कुणी ठेवलं? मग काय सांगू?”

घुगऱ्या वाढणारी आई मान वर न करता म्हणाली, “सांग, गौरी नावाच्या सावळ्या आत्याने ठेवलं.”

दादा तर हसता हसता खालीच बसला. मी मुकाट्याने पाळण्यावर वाकले आणि कुर्रर्र करून नाव सांगितलं. रीतीप्रमाणे पाठीत बुक्के बसले. आईचा जरा जोरातच होता.