रविवारची पाहणी

खोटं बोलत असेन तर माझी कवळी इथंच गळून पडो. कचेरीच्या रांगेत माझ्यापुढे एक विहीरवाली बाई, आणि तिच्यापुढे गावच्या पार्किंगची पाहणी करून अहवाल द्यायला आलेले साहेब.

“साहेब, पार्किंगवर डांबर ओतल्यावर तेलकट पाणी जाणार कुठं?”

“रस्त्याच्या गटारात, मावशी. तुमच्या विहिरीकडं उतरणारी मोरीच नाही तिथं. सगळं तपासलंय.”

“कधी?”

“रविवारी.”

“रविवारी? तेव्हा तर गाड्यांमुळे मुंगीलाही वाट मिळत नाही!”

“गाड्यांच्या मधून फिरलो की.”

“आणि खाली वाकून?”

“गाडीखाली कोण वाकतं, मावशी?”

“मी वाकते. कोपऱ्यात निळी गाडी होती ना? तिच्याच खाली मोरी आहे. ती थेट माझ्या विहिरीला मिळते. चार घरं पितात ते पाणी.”

“निळी?”

“हो, निळी. कुणाची हो ती?”

“कंत्राटदाराची. मला त्यातूनच आणलं. म्हणाले, इथं सावलीत लावू.”

“सावलीत? त्या कोपऱ्यात एक तरी झाड आहे का?”

तेवढ्यात खिडकीतून हाक आली, “चला, पुढचं कोण?”

साहेबांनी अहवाल काखेत मारला.

“मावशी, तुम्ही व्हा पुढं.”