दारात वाकून आलेला पाहुणा

अरे, परवा इथे झाशीत, माणिक चौकात काय झालं, ऐका तर! आमची पुतणी रेवा कॉलेजच्या बास्केटबॉल संघात आहे. फ्रान्समधल्या एका क्लबचं तिला भारी वेड.

आम्ही चपलांच्या दुकानात बसलो होतो. एक उंचच उंच म्हातारे गोरे गृहस्थ दारात वाकून आत आले. त्यांची चप्पल तुटली होती. दुकानदार म्हणाला, “साहब, इतने बड़े पाँव की तो पूरी झाँसी में नहीं मिलेगी!”

रेवानं इंग्रजीत त्यांचं गाव विचारलं आणि उत्तर ऐकून किंचाळलीच, “काका, माझ्या क्लबचं गाव!”

मग काय! तिनं त्यांना त्यांच्याच क्लबचा इतिहास ऐकवला. तो चर्चच्या अंगणात कसा सुरू झाला, बंद पडता पडता गावानं कसा वाचवला, सगळं. “आणि पहिल्या फायनलचा तो शेवटचा फ्री थ्रो! कप्तान डोळे मिटून किती शांत उभा होता! माझे तर हात थरथरतात. म्हणून उद्या कॉलेजच्या फायनलला मी खेळणार नाही, असं सरांना सांगितलंय.”

गृहस्थ खो खो हसले. “शांत? पोरी, माझे गुडघे असे लटपटत होते, की डोळे उघडायची हिंमतच होईना!”

रेवानं तिथूनच फोन लावला आणि अख्ख्या चौकाला ऐकू जाईल अशी ओरडली, “सर, कल मैं खेल रही हूँ!”